कारभारी शुद्धीवर येईपर्यंत

त्या घरात चार वर्षं सगळी बोलणी कुत्र्याच्या मार्फत चालत.

कुत्रा पग जातीचा, नऊ वर्षांचा, पोट सुटलेला. नाक असं, की जन्मल्या जन्मल्या कुणीतरी तोंडावर दार आपटलंय. नाव कारभारी. हे नाव सासऱ्यांनी ठेवलं आणि ठेवून ते वारले, त्यामुळे बदलायची सोय राहिली नाही. सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात येत आणि कुत्र्याकडे बघून म्हणत, "कारभारी, सांग तिला, चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?" सून डबा भरता भरता कुत्र्यालाच उत्तर देई, "कारभारी, सांग त्यांना, साखर त्यांच्या डॉक्टरांनी बंद केलीय. मी नाही." कारभारी एकदा इकडे बघे, एकदा तिकडे बघे. आपलं नाव इतक्यांदा घेऊनही कुणी काही खायला देत नाही हे कळलं की सुस्कारा टाकून फरशीवर पसरे.

घरात तिसरं माणूस होतं. नवरा. पण त्याला शांतता आवडायची. शांतता आवडणाऱ्या पुरुषाचा अर्थ एवढाच, की दुसऱ्यांनी गप्प बसलेलं त्याला आवडतं. तो वर्तमानपत्र उघडून त्याच्या मागे राहायचा.

सून जनावरांची डॉक्टर होती. कापणारी नव्हे, भूल देणारी. दवाखान्यात सगळे तिला भूलवाली म्हणत. कापणारे होते मोठे डॉक्टर; त्यांचं नाव बाहेरच्या पाटीवर हातभर अक्षरांत होतं, आणि भूलवालीचं नाव हजेरीपटावर. लोकांना वाटतं सगळी कर्तबगारी सुरीत असते. अरे, सुरी काय, कुणीही चालवेल. नाकातोंडातून गॅस देऊन एका जिवाला पार तळाशी न्यायचं, तिथे तासभर धरून ठेवायचं आणि मग एक धक्काही न लागता वर आणायचं, हे करून दाखवा. त्यातही खाली नेणं सोपं. जीव जातो तो बहुतेक वर येताना, सगळ्यांनी हातमोजे काढून चहा मागवल्यावर. म्हणून भूलवाली चहा मागवत नसे. कुत्रं मान धरेपर्यंत त्याच्याशेजारी स्टुलावर बसून राही.

आणि वर येणारं कुत्रं काय तमाशे करतं, ते बघायला काळीज लागतं. गॅस बंद केला की तो श्वासावाटे निघून जातो, पण डोक्यातून सगळीकडून एकदम निघत नाही. पाय आधी जागे होतात, आवाज मग जागा होतो, अक्कल सगळ्यात शेवटी. कुत्रं आडवं पडल्या पडल्या पळायला लागतं. लांडग्यासारखं रडतं. ज्याच्या ताटातलं आठ वर्षं खाल्लं त्यालाच चावायला जातं. मालक बिचारे हादरतात. त्यांच्यासाठी भूलवालीचं एक वाक्य ठरलेलं होतं. दिवसातून चारदा, वर्षानुवर्षं, ती ते म्हणत आली होती: "मनावर घेऊ नका. भुलीतून वर येताना तो त्याच्यात नसतो. त्या दहा मिनिटांत जे निघतं ते त्याचं नसतं."

आता ही एवढी शहाणी बाई सासूशी चार वर्षं का बोलत नव्हती? तर चार वर्षांपूर्वी सासूबाईंच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि त्या दिवशी त्या काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते येईलच पुढे.

सध्या प्रश्न कारभारीचा होता. त्याच्या लघवीतून रक्त आलं, फोटो काढला, तर मूत्राशयात लिंबाच्या बीएवढे तीन खडे. काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. भूल देणार कोण? सून. सासूबाईंनी ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी कुत्र्याला मांडीवर घेतलं आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "कारभारी, तू काळजी करू नकोस. तू डोळे उघडशील तेव्हा समोर मीच असेन. आणि सांग तिला, तुला काही झालं तर ह्या घरात एक तर ती राहील नाहीतर मी."

नवऱ्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं.

धमकी पोकळ नव्हती. सासूबाई बोललेलं करणाऱ्या होत्या, एवढं भूलवालीला पक्कं ठाऊक होतं. शिवाय पगचं नाक चेपलेलं, श्वासाची वाट अरुंद; भूल देणाऱ्याला सगळ्यात जड जाणारं जनावर. कुत्रं दगावलं की घर मोडलं, इतका सरळ हिशेब होता.

जागं करायच्या खोलीच्या दारावर कागद चिकटवलेला होता: मालकांना प्रवेश नाही. भूलवालीनेच तो चिकटवला होता. सासूबाईंनी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या, "मी आत बसणार आहे." सासूबाईंची तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. भल्याभल्या साहेबांना त्यांनी "थांबा, लाइन रिकामी नाही" म्हणून ताटकळत ठेवलं होतं. तो आवाज ऐकल्यावर मोठे डॉक्टर, जे रेड्यालाही घाबरत नसत, म्हणाले, "बसा ना, बसा."

ऑपरेशन झालं. खडे निघाले. मोठे डॉक्टर हातमोजे काढून चहाला गेले. कारभारीला बाकावर आणून पालथं ठेवलं, पुढचे पाय समोर, हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी, अंगावर गरम पाण्याच्या बाटल्या आणि घोंगडी. जीभ बाहेर ओढलेली, तिला नाडी मोजायचा चिमटा. तोंडातून पांढरी नळी, ती पट्टीने जबड्याला बांधलेली. एका बाजूला स्टुलावर सून. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर सासू, स्वेटर घालून, पर्स मांडीवर. मध्ये नर्सबाई.

अडचण सासूबाईंच्या आधी लक्षात आली. ज्याच्या मार्फत बोलायचं तो बेशुद्ध होता.

त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "नर्सबाई, विचारा जरा, गॅस बंद केला का?"

नर्सबाईंनी इकडे मान वळवली. "मॅडम, गॅस बंद केला का?"

"नर्सबाई, सांगा त्यांना, दोन मिनिटं झाली. आता नुसता ऑक्सिजन चालू आहे."

"आजी, दोन मिनिटं झाली. नुसता ऑक्सिजन—"

"ऐकलं मी. मग विचारा, उठत का नाही?"

"मॅडम, उठत—"

"सांगा, लठ्ठ आहे म्हणून. कोण त्याला दिवसभर बिस्किटं भरवतं, तेही विचारा."

"आजी, कोण—"

"नर्सबाई, तिला म्हणावं, बिस्किटं मी घालते कारण जेवण कुणी वेळेवर घालत नाही."

नर्सबाईंनी हातातला कापूस खाली ठेवला. "हे बघा," त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघी एकमेकींपासून हातभर अंतरावर बसलाय. मला एक वेळ पिसाळलेल्या बोक्याला आंघोळ घालायला सांगा, मी घालीन. पण हे माझ्याच्याने व्हायचं नाही." आणि त्या शेजारच्या खोलीत निघून गेल्या. तिथे खरंच एक बोका होता.

आता कुणीच उरलं नाही. कारभारीची पाठ वर-खाली होत होती आणि भूलवाली ते श्वास मोजत होती. बारा. हिरड्या गुलाबी. पापणीला बोट लावलं, किंचित हलली.

सासूबाई कोपऱ्यातल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरकडे वळल्या. "बाबा रे," त्या सिलिंडरला म्हणाल्या, "लोकांना नाही माझी कीव, निदान तू तरी सांग. जगेल ना तो?"

हे मात्र भूलवालीला लागलं. सिलिंडरशी बोलायची वेळ आणली आपण ह्या बाईवर. पण सिलिंडरला काय उत्तर देणार? तिने सिलिंडरवरचा काटा बघितल्यासारखं केलं आणि पुटपुटली, "श्वास चांगला आहे."

"चांगला आहे म्हणतो सिलिंडर," सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या आणि पर्सवरची बोटं थोडी सैल झाली.

कान हलला. आधी डावा, मग उजवा. मग कारभारीने एक डोळा उघडला. मग दुसरा. दोन्ही डोळे दोन दिशांना बघत होते. घशातून घर्र आवाज आला, नळी हलली, पोटाला एक हिसका बसला.

"कारभारी! मी आहे! अरे, गुदमरतोय तो! घशात ती नळी अजून तशीच—" आणि सासूबाईंनी पट्टी सोडवायला नळीला हात घातला.

"आई, हात काढा!"

सासूबाईंनी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"माझ्याशी बोललीस?"

"तुमच्याशीच. नळीला हात लावायचा नाही." भूलवालीने त्यांचं मनगट धरलं होतं, चांगलं घट्ट.

"तो गुदमरतोय!"

"नळी काढली तर गुदमरेल. आई, ह्याचं नाक आत गेलंय, पण आतलं मांस लांब नाकाच्या कुत्र्याएवढंच आहे. टाळूचा पडदा खाली लोंबतो. भुलीत सगळं सैल पडतं. आत्ता ही नळीच त्याचं नाक आहे. तो स्वतः चावेल, गिळेल, वैतागून मान झटकेल, नको म्हणेल, तेव्हाच काढायची. तोवर त्याला कितीही विचित्र वाटू दे, तुम्हाला कितीही विचित्र दिसू दे."

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माणसाला गोंडस दिसावं म्हणून माणसानेच पिढ्यानपिढ्या ह्या जनावराचं नाक ठेचत आणलं. आणि मग त्याच्या घोरण्याचे व्हिडिओ काढून एकमेकांना पाठवतात. गोंडस! तुमचं नाक दाबून धरतो आणि विचारतो किती गोंडस वाटतं. असो.

कारभारीने मान उचलली. आता तो पालथा बसलेला, डोळे अर्धे मिटलेले, तोंडात नळी, अगदी चिलीम ओढत पडवीत बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. नळीविषयी त्याची काही तक्रार दिसत नव्हती. पाच मिनिटं तो तसाच बसला. दोघी त्याच्याकडे बघत बसल्या. एकदा सासूबाईंच्या तोंडून हसू निसटलं, ते त्यांनी खोकून झाकलं.

मग त्याने नळी चावली. एकदा, दोनदा. गिळलं. मान झटकली.

"आता," भूलवाली म्हणाली. पट्टी सोडली, नळीभोवतीच्या फुग्यातली हवा काढली आणि नळी अलगद बाहेर ओढली.

आणि श्वासाचा आवाज बंद झाला.

छाती हलत होती, पण हवा आत जात नव्हती. एक. दोन. तीन. भूलवालीने फडक्यात जीभ धरून पुढे ओढली, दुसऱ्या हाताने हनुवटी वर केली. जीभ गुलाबीची जांभळट व्हायला लागली होती. "आई, तो मास्क. नाकासमोर धरा. जवळ. अजून जवळ." सासूबाईंनी धरला. सहा. सात. भूलवालीच्या मनात घर आलं, दाराशी लावलेल्या दोन बॅगा आल्या, पण त्या कुणाच्या ते दिसायच्या आत—

घर्रर्रर्र.

नऊ वर्षं त्या घोरण्याला सगळं घर शिव्या देत आलं होतं. आज दोघींनी ते असं ऐकलं, जसं कुणी गातंय. जीभ पुन्हा गुलाबी झाली. सासूबाई मास्क खाली घेईनात.

"झालं आई. आता मास्क थोडा लांब चालेल."

"राहू दे. माझा हात दुखत नाही."

इतक्यात अक्कल सोडून बाकी सगळा कारभारी जागा झाला. त्याने आभाळाकडे तोंड करून असा काही टाहो फोडला, की शेजारच्या खोलीतल्या बोक्यानेही त्याला साथ दिली. चारी पाय चार दिशांना. सासूबाई धावल्या, "माझ्या सोन्या, मी आहे रे, मी—" आणि सोन्याने ओठ वर करून दात दाखवले, गुरगुरला आणि त्यांच्या स्वेटरची बाही पकडली. बाहीच होती, हात वाचला. पण बाई वाचल्या नाहीत. खुर्चीत मटकन बसल्या.

"मला ओळखत नाही तो. मला! ह्याला मी बाटलीने दूध पाजलं."

भूलवाली एका हाताने कारभारीला घोंगडीत धरून, दुसऱ्या हाताने टाक्यांजवळ चाचपत होती. दुखणं नव्हतं, दुखण्याचं औषध आधीच दिलं होतं. हा नुसता गोंधळ होता, गॅस उतरतानाचा. तिचं तोंड सवयीने आपोआप सुरू झालं. "मनावर घेऊ नका. भुलीतून वर येताना तो त्याच्यात नसतो. त्या दहा मिनिटांत जे निघतं ते त्याचं—"

आणि अडली. हजारदा म्हटलेलं वाक्य घशात आडवं झालं, नळीसारखं.

"त्याचं काय?" सासूबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"त्याचं नसतं," भूलवाली हळू आवाजात म्हणाली.

सासूबाईंनी रडणाऱ्या कुत्र्याकडे बघितलं. "मीही अशीच ओरडले होते का गं? पित्ताशयाच्या वेळी? मला काही आठवत नाही. शुद्धीवर आले तर सगळे नातेवाईक भिंतीला चिकटून उभे, कुणी माझ्याकडे बघेना. आणि तू निघून गेलेलीस. तिथपासून तुझं तोंड बंद. मी म्हटलं, आजारी सासूचं करावं लागेल म्हणून हिने आधीच पाठ फिरवली. मग मीही बंद केलं. मी का म्हणून तुझ्या मागे लागू?"

"तुम्हाला खरंच आठवत नाही?"

"ह्या कुत्र्याची शपथ."

कुत्र्याने टाहो फोडला.

"तुम्ही वॉर्डबॉयचा हात धरलात," भूलवाली म्हणाली. आता बांध फुटलाच होता. "सहा फूट उंच. एवढ्या मिशा. त्याचा हात धरून म्हणालात, पोरी, तू माझी सून हो. घरात आहे ती कुत्र्यांना झोपवते आणि मला जागं ठेवते. तिला परत पाठवते मी. तुमच्या तिन्ही जावा तिथे होत्या. मी तुमचे पाय चेपत होते!"

सासूबाईंचा चेहरा दगडासारखा. मग त्यांनी विचारलं:

"आणि तो काय म्हणाला?"

"कोण?"

"मिशीवाला."

"म्हणाला, घरी विचारून सांगतो."

सासूबाईंच्या पोटातून काहीतरी वर आलं. आधी वाटलं उचकी. मग त्यांचे खांदे हलले, मग पर्स मांडीवरून खाली पडली, आणि मग टेलिफोन एक्स्चेंजच्या त्या आवाजात त्या अशा हसल्या, की कारभारी रडायचा थांबला. भूलवालीला हसायचं नव्हतं. चार वर्षं जपलेला अपमान असा सहजासहजी हसण्यावारी घालवायचा म्हणजे काय? पण तो मिशीवाला तिच्या डोळ्यांपुढे डोक्यावर पदर घेऊन उभा राहिला, आणि मग तीही हसत सुटली.

हसून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "खोटं बोलणार नाही. तेव्हा वाटायचं मला तसं. तुझे ते फोन, ती धावपळ, घराला घरपण नाही."

"मग तोंडावर म्हणायचं होतं!"

"म्हटलं की. फक्त तोंड मिशीवाल्याचं होतं." त्यांनी पर्स उचलली. "पण मला एक सांग. तू रोज लोकांना शिकवतेस, मनावर घेऊ नका. कुत्र्याला माफ. आणि सासूला?"

शहाण्या माणसाची हीच तर गंमत असते: दुकानात माल भरपूर, घरात रिकामी बरणी. भूलवाली कारभारीच्या कानामागे खाजवायला लागली.

"आणि तुझा नवरा? तो कुठे होता तेव्हा?"

"तिथेच. खिडकीतून बाहेर बघत होता."

"म्हणजे त्याला माहीत होतं? चार वर्षं? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही?"

"मलाही म्हणाला, सोडून दे, आईला सगळं आठवतंय, विषय काढलास तर वाढेल."

सासूबाईंनी स्वेटरच्या बाह्या वर सारल्या. एका बाहीला दातांची भोकं होती. "चल घरी. बघतेच त्याला. वर्तमानपत्रासकट."

कारभारी एव्हाना शांत झाला होता. त्याने दोन्ही डोळे एका दिशेला आणले. समोर सासूबाई दिसल्या. शेपटीचं ते वेटोळं एकदा हललं, पुन्हा हललं. तो उठला, डगमगला, मागचे पाय दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे त्यांच्याकडे बघून घेतलं, आणि चार पावलं टाकून सासूबाईंच्या हाताला ते ठेचलेलं नाक लावलं.

"ओळखलं गं! ओळखलं मला!" त्यांचा आवाज पुन्हा भरून आला, पण ती बाई फार वेळ भरून राहणारी नव्हती. "बरं, आता ऐक. चहा. चार वर्षं मी तो चहा कसा गिळलाय ते माझं मला माहीत."

"कारभारी, सांग त्यांना—" सवयीने भूलवालीच्या तोंडून गेलं.

"त्याला कशाला मध्ये घेतेस? त्याच्या पोटाला टाके आहेत. माझ्याशी बोल."

"साखर तुमच्या डॉक्टरांनी बंद केलीय."

"साखरेचं नाही म्हणत. पावडर! पावडर कंजूषपणे घालतेस. आणि तो टॉवेल दारावर वाळत घालतेस, त्याचं पाणी माझ्या चपलेत गळतं. आणि माझ्या खोलीतला दिवा—"

"दिवा तुम्हीच चालू ठेवता!"

"आणि बिस्किटांचं म्हणालीस ते—"

"लठ्ठ आहेच तो! आज जीव गेला असता त्याचा!"

भूलवालीला तेव्हा कळलं, की चार वर्षं कुत्र्याने निम्म्याहून जास्त तक्रारी आपल्यापर्यंत पोचूच दिल्या नव्हत्या. आता हे रोज ऐकावं लागणार होतं, थेट. कारभारी जुन्या सवयीने एकदा इकडे बघत होता, एकदा तिकडे. वाक्यामागून वाक्यं जात होती आणि एकातही त्याचं नाव नव्हतं. तो थोडा वेळ थांबला, वाट बघितली. मग आपली आता गरज नाही असं दिसल्यावर घोंगडीत तोंड खुपसून घोरायला लागला.

दार उघडून नर्सबाईंनी डोकं आत घातलं. "मॅडम, आवाज बाहेरपर्यंत येतोय. बोका घाबरलाय. काही झालं का? कुत्रा आला ना शुद्धीवर?"

"तो कधीच आला," सासूबाई म्हणाल्या. "आम्हालाच जरा वेळ लागला. दार लावून घ्या, बोलतोय आम्ही."